गाढवासाठी मलिद्याचा नवस

इस्राएलात, अश्दोदला आमच्या शिकूनमध्ये, म्हणजे सरकारने वाळूत ओळीने उभ्या केलेल्या बिल्डिंगांमध्ये, मुलांना करमणूक म्हणून फार काही नव्हतं. टेलिव्हिजन तेव्हा देशातच आला नव्हता. समुद्र जवळ होता, पण बंदराचं काम चाललेलं, ट्रक आणि दगड. लहान पोरांना तिकडे सोडायची सोय नाही. होतं एक सिनेमा थिएटर, आणि त्या थिएटरात पाय ठेवणार नाही अशी मी शपथ घेतली होती.

शपथेचं कारण आधी सांगतो. ते सांगायला मला अजूनही आवडतं.

मुंबईत मी स्टो दुरुस्त करायचो. इथे आल्यावर मला बंदरावर दगड उचलायला लावलं. मी दगड उचलले, पण डोळे उघडे ठेवून. घरोघर रॉकेलचे स्टो होते आणि बर्नर साफ करणारा कोणी नव्हता. कामावरून सुटलो की पिना, वायसर आणि पाना पिशवीत घालून मी दारं ठोठावायला लागलो. पिशवीची हातगाडी झाली, हातगाडीची पत्र्याची टपरी, आणि टपरीचं दुकान. कोणाची चिठ्ठी नाही, कोणाची ओळख नाही.

थिएटर बांधून होत आलं तेव्हा त्याचा मालक माझ्या टपरीवर येऊन बसायचा. रुमानियाहून आलेला माणूस, जाड भिंगांचा चष्मा, हळू आवाज. दाराजवळचा सोडावॉटरचा आणि खायच्या खारट बियांचा गाळा तुलाच देणार, असं तो मला म्हणाला आणि हात मिळवला. त्या गाळ्याची फळी मी स्वतः रंधून, ठोकून, पॉलिश करून दिली. पहिल्या खेळाच्या दिवशी चांगला शर्ट घालून गेलो, तर माझ्या फळीमागे त्याचा मेहुणा उभा.

"मेहुणा आहे, काय करू," मालक म्हणाला.

त्यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मराठीत बोललो, तरी त्याला कळलं.

तेव्हापासून आमच्या घरात रोज जेवताना त्या माणसाचा विषय निघायचा. मीच काढायचो. "त्याचा शब्द म्हणजे भोक पडलेल्या टाकीतलं रॉकेल," मी म्हणायचो. बायको भात वाढत राहायची. मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा चार वर्षांचा. ती दोघं ऐकत असायची.

मग थिएटरच्या भिंतीवर गाढवाचं पोस्टर लागलं. करड्या रंगाचं, एक कान फाटलेलं इंग्रजी गाढव, आणि मागे डोंगर. मंगळवारी दुपारी दुकानं बंद असत, त्या वेळी मुलांसाठी खास खेळ होता. मुलीने पोस्टरसमोर उभं राहून सगळी अक्षरं वाचून काढली आणि मुलाने घरभर चार पायांवर चालायला सुरुवात केली.

"माझी शपथ आहे," मी म्हणालो.

"शपथ तुम्ही घेतलीत, पोरांनी नाही," बायको म्हणाली. "मी नेते त्यांना. तुम्ही बाहेर वाळूत उभे राहा."

बाहेर उभं राहायचं म्हणजे त्या मेहुण्याच्या गाळ्यासमोर उभं राहायचं. त्यापेक्षा आत गेलेलं बरं. मात्र घरी भाजलेले चणे मी दोन्ही खिशांत भरून घेतले. त्या गाळ्यावरून माझ्या घरचं कोणी काही विकत घेणार नाही, एवढी शपथ मी शाबूत ठेवली.

आत सगळं शिकून लोटलं होतं. मोरोक्कोची पोरं, रुमानियाची पोरं, आमच्या बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी यहुद्यांची पोरं, सगळी बियांची टरफलं थुंकत होती आणि रिकाम्या बाटल्या उतारावरून गडगडत पडद्यापर्यंत सोडत होती. सिनेमा इंग्रजीत. पडद्याच्या कडेला एक अरुंद पट्टी असायची, तिच्यावर हिब्रू भाषांतर यायचं, आणि त्याची गुंडाळी एका माणसाने हाताने फिरवायची असायची. ते काम मालकाने मेहुण्यालाच दिलं होतं. तो कधी मागे पडायचा, कधी पुढे पळायचा. पडद्यावर गाढव चिखलात रुतलेलं, आणि बाजूला अक्षरं यायची: आई, जेवण छान झालं.

पण गोष्ट कळत होती. डोंगरातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाचं ते गाढव. बाप त्याला जत्रेत नेतो आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला विकून टाकतो. मला राहवलं नाही. गिऱ्हाइकाने दात पाहिले नाहीत, पाय उचलून पाहिला नाही, आणि हा दोर हातात देऊन मोकळा. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "अरे, जरा थांब तरी."

"हळू," बायको म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही."

गाढव लांब मिठागरावर जातं. एके दिवशी दोर तोडून पळतं आणि घराची वाट धरतं. नदी, जंगल, मग बर्फाचा डोंगर. मुलगा माझ्या मांडीवर उभा होता. मुलीने माझं मनगट धरलं होतं आणि तिचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतेस?"

"नवस बोलले," ती म्हणाली. "ते घरी पोचलं तर एलियाहू हानाबीला मलिदा."

वाचकांना सांगायला हवं. आम्हा बेने इस्राएलांत काही अडलं की एलियाहू हानाबीला, म्हणजे एलियाह प्रेषिताला, मलिदा बोलतात. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर फळं. काम झालं की चार माणसं बोलावून प्रार्थना म्हणायची आणि तो वाटायचा. मूल तापातून उठलं की मलिदा, नोकरी लागली की मलिदा. आम्ही बोटीने सुखरूप उतरलो त्याचा मलिदा सासूबाईंनी मुंबईला केला होता. भावाचा गोवर गेला तेव्हा मुलीने एक पाहिला होता, आणि तो मागितल्यासारखा बरा झाला हेही पाहिलं होतं.

आणि तेवढ्यात हॉलमधले दिवे लागले.

गाढव डोंगराच्या टोकावर, खाली गावाचे दिवे, आणि पडदा पांढरा. सिनेमाची रिळं शेजारच्या गावच्या थिएटरबरोबर वाटून घ्यायची पद्धत होती. तिथे एक रीळ संपलं की मोटरसायकलवाला ते डब्यात घालून इकडे आणायचा. त्या दिवशी वारा सुटला होता आणि रस्त्यावर वाळू आली होती. मोटरसायकल आली नाही.

मालक पडद्यासमोर उभा राहिला. "मुलांनो, संपला सिनेमा. गाढव घरी पोचलं. आता तुम्हीही घरी जा."

पोरांनी शिट्ट्या मारल्या, बाकं बडवली आणि गेली. माझी मुलगी जागची हलली नाही.

"चल," मी म्हणालो. "पोचलं ते."

"कोण म्हणतं?"

"मालक म्हणाला ना आत्ता."

ती हिब्रूत म्हणाली, "पण अब्बा, तू तर म्हणतोस तो खोटं बोलतो."

मी बायकोकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

मी तडक मालकाकडे गेलो. रीळ येईपर्यंत आम्ही इथेच बसणार, असं सांगितलं. संध्याकाळच्या खेळाची माणसं दाराशी उभी आहेत, तो म्हणाला. मग गाढवाचं काय, मी विचारलं.

"आदोन," तो म्हणाला, म्हणजे साहेब, "गाढव सिनेमातलं आहे."

"सिनेमातलं असलं तरी डोंगरावर सोडून दिलंय तुम्ही त्याला." माझा आवाज चढला. गाळ्यापासून सुरुवात करून मी त्याला फळीच्या पॉलिशपर्यंत सगळं ऐकवलं. बायकोने मला दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सिनेमाचे डबे दुसऱ्या गावाला गेले.

घरी खरा प्रश्न उभा राहिला. नवस बोलला गेला होता.

"करून टाकू मलिदा," मी म्हणालो. "पोरीचं समाधान होईल."

"पोचलं नसेल तर कशाचा मलिदा?" बायको म्हणाली. "आणि काम व्हायच्या आधी दिला तर तो नवस नव्हे, लाच झाली. एलियाहू हानाबीला काय तुमचं गिऱ्हाईक समजलात?"

"मग नको करायला."

"आणि पोचलं असेल तर? फेडायचा राहिला की."

शेवटी वरच्या मजल्यावरच्या हाझान काकांकडे गेलो. आमच्या सिनेगॉगमध्ये तेच प्रार्थना म्हणत. रेवदंड्याकडचे म्हातारे गृहस्थ, सगळ्यांना अरेतुरे करत. मी गोष्ट सांगितली तेव्हा त्यांच्याकडे बसलेले दोघेतिघे हसायला लागले. काका हसले नाहीत.

"गाढवाला कमी समजू नकोस," ते म्हणाले. "मशीहा येणार तो गाढवावर बसून येणार, आणि एलियाहू हानाबी पुढे चालत येऊन वर्दी देणार. त्याला गाढवाचं सोयरसुतक आहे. पोरीने बरोबर माणूस धरलाय."

"मग मलिदा करू?"

"नवस ज्याने बोलला त्याला कळलं पाहिजे फळला म्हणून. तिने पाहिलं का?"

"नाही."

"मग दाखव तिला."

दाखव म्हणे. जसं काही गाढव माझ्या दुकानात बांधलं होतं.

ही गोष्ट शिकूनभर झाली. बसस्टॉपवर लोक मला विचारायचे, "काय शेट, आलं का घरी?" मी चिडायचो, त्यामुळे आणखी विचारायचे. मुलीने गॅलरीत गाजराची सालं ठेवायला सुरुवात केली. रोज निजताना विचारायची, अब्बा, आज थंडी आहे ना डोंगरावर? मुलगा टेबलाखाली गाढव होऊन बसायचा आणि जेवायला बोलावलं की म्हणायचा, मी अजून डोंगरावर आहे, मला येता येत नाही. त्याला तिथेच ताट द्यावं लागे.

मी तिला माझ्या आजोबांच्या बैलाची गोष्ट सांगितली. आमचं घराणं कोकणात तेल गाळणारं. आजोबांनी घाण्याचा बैल खाडीपलीकडे विकला होता, तो खाडी पोहून परत आला आणि सकाळी घाण्याशी येऊन उभा राहिला. मुलीने नीट ऐकून घेतलं.

"तू पाहिलंस?"

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो. आजोबांनी सांगितलं."

"आजोबा दुकानदार होते?"

"तेल विकायचे."

"मग ते खरं कशावरून?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

एवढ्याशा पोरीला असा संशय कुठून आला, असं बायको मला विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता स्वयंपाकघरात जायची.

मग हिवाळा आला. अश्दोदचा हिवाळा म्हणजे समुद्रावरचा ओला वारा. थिएटरात मालकाने रॉकेलच्या मोठ्या शेगड्या ठेवल्या होत्या, त्या इतका धूर करायला लागल्या की माणसं सिनेमा सोडून खोकायला बाहेर यायची. त्या शेगड्या नीट करणारा सगळ्या अश्दोदमध्ये एकच माणूस होता. मी वाट पाहत होतो. एक दिवस जाड भिंगांचा चष्मा माझ्या दुकानाच्या दारात दिसला.

त्याने कामाची मजुरी विचारली. मी बर्नर पुसत राहिलो.

"मजुरी नको," मी म्हणालो. "गाळा पाहिजे."

सौद्यात मी नेहमी आधी न मिळणारी वस्तू मागतो. समोरच्याने ती नाकारली की त्याला ओशाळं वाटतं, आणि मग मनातली वस्तू मागता येते. अर्थात त्याने गाळा दिला असता तर मी घेतलाही असता.

"मेहुण्याला काढलं तर बायको मला घराबाहेर काढेल," तो म्हणाला.

"थंडीत बाहेर राहणं वाईट. गाढवालाही कळतं."

मुलगी शाळेतून आली होती आणि मागे स्टुलावर बसून पाव खात होती. गाढव म्हटल्याबरोबर ती उठली आणि सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ते घरी पोचलं का?"

"पोचलं, बाळ. तेव्हाच सांगितलं होतं."

"तू स्वतः पाहिलंस?"

मालकाने चष्मा काढला. "मी दारावर तिकिटं फाडत असतो. पण असल्या सिनेमांत पोचतातच."

"अब्बा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याने पाहिलंच नाहीये."

मालकाचे कान लाल झाले. "काय शिकवलंस पोरीला?" तो मला म्हणाला.

"तू मला शिकवलंस तेच."

तो जायला निघाला. मीही जाऊ दिलं असतं, माझं डोकं तापलं होतं. पण मुलगी त्याच्या कोटाला धरून उभी होती, आणि मला हाझान काकांचं बोलणं आठवलं. मी म्हणालो, "थांब. गाळ्याचं राहू दे. त्या सिनेमाचं शेवटचं रीळ आणायचं. मंगळवारी दुपारी दाखवायचं. त्या दिवशी जी पोरं बसली होती त्या सगळ्यांना आत सोडायचं, फुकट. मग तुझ्या शेगड्या अशा करून देतो की धुराचा वास येणार नाही."

"रिळं तेल अवीवला कंपनीकडे गेली. एक रीळ कोणी देत नाही."

"तू माग. मेहुण्याला बसने पाठव."

तो म्हणाला सबंध सिनेमा मागवावा लागेल, मी म्हणालो शेवटचा डबा पुरे. तो म्हणाला फक्त तुझ्या मुलीला दाखवू, मी म्हणालो सगळ्या पोरांना. तो म्हणाला निम्म्या शेगड्या आधी कर, मी म्हणालो एकही नाही. खूप वेळ झाला. मुलीने पाव संपवला. शेवटी त्याने हात पुढे केला. मी त्या हाताकडे पाहत राहिलो.

"त्या वेळीही मिळवला होतास," मी म्हणालो.

"या वेळी पोरीशी मिळवतो," तो म्हणाला, आणि खाली वाकून त्याने तिचा हात हातात घेतला. तिचा हात लोण्याने माखलेला होता.

मंगळवारी हॉल भरला. मेहुणा खरंच तेल अवीवला जाऊन, बसमध्ये डबा मांडीवर घेऊन आला होता आणि सगळ्यांना ते सांगत होता. दिवे गेले. डोंगराचं टोक दिसलं, गाढव दिसलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि पट्टी कोरीच राहिली. एकच रीळ मागवलं, त्यात भाषांतराची गुंडाळी विसरली होती.

पडद्यावर माणसं घाईघाईने इंग्रजीत बोलत होती आणि हॉल ओरडायला लागला. मला वाटलं, झालं, पुन्हा फसलो. मी उठणार होतो, पण त्याआधीच माझी बायको बोलायला लागली. मुंबईला ती इंग्रजी शाळेत शिकली होती, आणि इथे आल्यापासून त्या इंग्रजीचा तिला काडीचा उपयोग झाला नव्हता.

"तो म्हातारा सांगतोय, मुलगा आजारी आहे, खिडकीत बसून असतो," ती मराठीत म्हणाली.

मुलीने बाकावर उभं राहून तेच हिब्रूत हॉलला सांगितलं. एकदम शांतता झाली.

मग तसंच चाललं. बायको खालच्या आवाजात मराठीत सांगायची, मुलगी वरच्या आवाजात हिब्रूत. शेतकरी काय म्हणतोय, शेजारी काय म्हणतोय. मागच्या बाकावरच्या मोरोक्कोच्या आया ते अरबीत एकमेकींना सांगत होत्या. गाढव लंगडत फाटकाशी आलं. फाटक बंद होतं. कोणी ऐकत नव्हतं. त्याने मान वर केली आणि ते ओरडलं, आणि हॉलमधली सगळी पोरं त्याच्याबरोबर गाढवासारखी ओरडली. माझा मुलगा सगळ्यांत जोरात. खिडकी उघडली.

"काय म्हणतोय मुलगा?" मी बायकोला विचारलं.

ती पदराने डोळे पुसत होती. मुलीने आईची वाट पाहिली नाही. ती हॉलकडे वळून हिब्रूत एवढंच म्हणाली, "पोचलं. मी पाहिलं."

मलिदा त्याच आठवड्यात केला. बायकोने मुंबईहून आणलेले पोहे मोठ्या प्रसंगासाठी ट्रंकेत जपून ठेवले होते, ते काढले. ओला नारळ मिळाला नाही, सुकं खोबरं किसलं. हाझान काकांनी प्रार्थना म्हटली. आम्ही आपली माणसं बोलावली होती, पण मुलीने मालकालाही बोलावलं होतं, मला न विचारता. तो बायकोला घेऊन आला, आणि मेहुणाही आला. मालकाने पोह्यांकडे पाहून विचारलं, हे कशासाठी? काकांनी सांगितलं, गाढव घरी पोचलं म्हणून. त्याने मान डोलावली आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. मेहुण्याने दोनदा मागून घेतलं. माझ्या मलिद्यात मला त्याचा हात दिसत होता, पण ताट मीच पुढे केलं.

ती माणसं गेल्यावर मुलीने विचारलं, "अब्बा, आता तो खोटं बोलतो की नाही?"

मी विचार केला. "गाळ्याचं खोटं बोलला," मी म्हणालो. "गाढवाचं खरं होतं."

तिला ते पटलं. गाळा माझाच होता असं मी आजही म्हणतो, आणि फळी तर माझीच होती.

पुढे त्या थिएटरात आम्ही पुष्कळ सिनेमे पाहिले. हत्तीचा, दोन अस्वलांचा, एका आंधळ्या घोड्याचा. चणे मी घरूनच नेत असे. पण तिकीट घ्यायच्या आधी मुलगी मालकापुढे जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, शेवटचा डबा दाखव. तो आत जायचा, आधीच मागवून ठेवलेला डबा घेऊन यायचा आणि तिच्यापुढे धरायचा. ती झाकणावर टिचकी मारून पाहायची, रिकामा नाही ना. मग मला मान हलवून सांगायची की आता आत जायला हरकत नाही.